फ्लॅट घेताना

मी फ्लॅट घेतो आहे, ही बातमी आमच्या नात्यागोत्यात कशी पसरली त्याचा उगम शोधायचा, तर एका रविवारच्या पोह्यांपर्यंत मागे जावं लागतं. सगळे बशा हातात घेऊन बसले होते आणि बायको सहज बोलून गेली, ‘यांच्या डोक्यात सध्या फ्लॅटशिवाय दुसरं काही नाही.’ लिंबू पिळणारा माझ्या मेव्हण्याचा हात वरच्या वर थांबला. हा गृहस्थ गेली पंचवीस वर्षं भेटेल त्याला सिंहगड रस्त्यावर जागा घ्यायला सांगत आला आहे आणि आम्ही त्याला आजवर दाद दिलेली नाही. ‘किती?’ त्यानं श्वास रोखून विचारलं. ‘चार,’ मी म्हणालो. ‘चार! मग लोकेशन?’ ‘तेच तर ठरत नाहीये. एक व्हिएन्नाचा आहे, एक न्यूयॉर्कजवळचा. व्हिएन्नाचा मऊ आहे म्हणतात, पण सैल वाटेल की काय अशी धास्ती आहे.’ मेव्हण्यानं लिंबाची फोड हळूच बशीच्या कडेला ठेवली आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात तशा नजरेनं बहिणीकडे पाहिलं.

खरी गोष्ट एवढीच होती, की मला माझ्या बेस गिटारला तारा घ्यायच्या होत्या. बेस गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रात ड्रम्सच्या अलीकडे, दिव्याचा झोत जिथे संपतो तिथे उभा असलेला जो माणूस लांब मानेचं चार जाड तारांचं वाद्य गळ्यात घालून खाली बघत असतो, त्याच्या गळ्यातलं ते. प्रेक्षकांत एखादा तरी शेजारच्याला विचारतोच, ‘हा नक्की काय वाजवतोय?’ तर या वाद्याच्या तारांच्या मुख्य जाती दोन. मधला पोलादी गाभा दोहोंत असतोच. त्याच्यावर गोल तार वेटोळी गुंडाळली की झाली राउंडवाउंड. बोट फिरवलं तर स्क्रूच्या आट्यांसारखी खरखरीत लागते आणि छेडली की पितळी भांडं फरशीवर पडावं तशी खणखणते. त्याच गाभ्यावर चपटी, फितीसारखी पट्टी कडेला कड लावून गुंडाळली की झाली फ्लॅटवाउंड. तिच्यावर बोट असं घसरतं, की वाड्यातल्या जिन्याचा कठडा आठवावा. तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेला. आणि आवाज? माजघरात कुणी तांदळाचं पोतं अलगद खाली टेकवावं, तसा. भांडं पडलं तर शेजारी डोकावतात. पोतं टेकवल्याचं घरच्यांनाही कळत नाही, फक्त पायाखालच्या जमिनीला कळतं.

हा दुसरा आवाज मला हवासा वाटू लागला, त्याला माझी साठी कारणीभूत असेल. पण निमित्त झालं ते गॅलरीच्या दाराचं.

त्या दाराकडे जाण्याआधी पातेल्याचं सांगायला हवं. विशी-बाविशीत मी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवत असे. निवडून नव्हे, गिटारवाले आधीच तिघे होते, बेस घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि मला नाही म्हणता येत नसे. बेसवाले पुष्कळदा असेच घडतात. १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्स सोडून गेला तेव्हा पॉल मॅकार्टनीच्या गळ्यातही बेस असाच पडला होता. दुसरं कुणी हात पुढे करीना. पुढे त्याचं जे झालं ते माझं झालं नाही, एवढाच काय तो फरक. तर त्या काळात परदेशी तारांचा एक सेट म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या कार्यक्रमांची बिदागी. तो सेट मग दोन-दोन वर्षं चाले. बोटांचा घाम, कातडीचा भुगा, गणपतीच्या मांडवातली धूळ असं सगळं त्या आट्यांमध्ये जाऊन बसे आणि तारा हळूहळू मुक्या होत. त्यावर मुंबईहून येणाऱ्या एका वादकानं उपाय सांगितला होता. तारा उकळायच्या. आट्यांतलं किटण सुटतं आणि तार चार दिवस पुन्हा नव्यासारखी बोलते. मी एका दुपारी आईच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं, चमचाभर व्हिनेगर घातलं आणि चारही तारा वेटोळी करून सोडल्या. आई झोपेतून उठून आली. झाकण उचलून बराच वेळ आत बघत राहिली. ‘शेवया एवढ्या काळ्या कशा रे?’ एवढंच म्हणाली. त्या पातेल्यात पुन्हा कधी दूध तापलं नाही. ते तुळशीला पाणी घालायला गेलं आणि अजून तिथेच आहे.

पुढे बँकेतली नोकरी आली, बदल्या आल्या, बेस माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर तो खाली काढला, पुसला, त्याला नव्या कोऱ्या, लखलखीत राउंडवाउंड तारा चढवल्या आणि रोज दुपारी गॅलरीलगतच्या खोलीत मी तास-दीड तास वाजवू लागलो. त्याच खोलीत आईची कॉट आहे. आई आता चौऱ्याऐंशीची. डोळे मंदावलेत, कान मात्र शाबूत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं जाहीर केलं, ‘गॅलरीचं दार कुरकुरतंय.’ शिवणाच्या मशीनचं तेल बिजागऱ्यांत पडलं. दुसऱ्या दिवशी खोबरेल. शेवटी सुतार आला. त्यानं दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं. दार मुनीसारखं गप्प. आई चिडली. ‘आत्ता नाही वाजायचं ते. दुपारी वाजतं, हा गिटार घेऊन बसला की.’ मी कोपऱ्यात माझा सराव करत होतो, आणि नेमकं त्याच वेळी माझं बोट पाचव्या पडद्यावरून तिसऱ्यावर घसरलं. कुईं. ‘बघ, वाजलं!’ आई विजयानं म्हणाली. सुतारानं दाराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पैसे मात्र त्यानं घेतले.

तेव्हा कळलं, की आपली चूक आट्यांमध्ये आहे. खरखरीत तारेवरून बोट सरकलं की ती ओरडते. फ्लॅटच्या तारेला आटेच नसल्यासारखे. ती ओरडणार कुठून? शिवाय वाद्याचे पडदे कमी झिजतात आणि बोटंही. पण हे झालं वरवरचं. आतली गंमत वेगळीच आहे, आणि ती मला आईमुळेच उमगली.

आईचं माहेर मिरज. शाळेची वाट सतारमेकरांच्या गल्लीतून जायची. तिथली ती प्रसिद्ध कहाणी, की हे मूळचे शिकलगार, तलवारी-बंदुका दुरुस्त करणारे. लढाया सरल्या, शस्त्रांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईनं पेपरातली बातमी मला मोठ्यानं वाचायला लावली आणि वर म्हणाली, ‘आम्हाला माहीतच होतं.’ त्या गल्लीत दुपारच्या वेळी एक आवाज यायचा, घोडी घासण्याचा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित घासून, बघून, पुन्हा घासून असा करायचा की तार तिच्यावर टेकते न टेकते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवत न्यायचा. एका ठिकाणी येऊन तो दोरा थांबतो आणि तार एकाएकी बोलू लागते, गुंजते. हीच जवारी. मी सहा-सात वर्षांचा असताना आईनं माझा कान तंबोऱ्याच्या भोपळ्याला लावला होता. खर्जाची तार छेडून ती विचारी, ‘गांधार ऐकू येतो का?’ तार षड्जाची, छेडली षड्जाची आणि ऐकायचा गांधार! तो त्या तारेच्या पोटातून आपोआप उमटतो म्हणे, स्वयंभू. मला काहीही ऐकू येत नव्हतं. ‘आला,’ मी म्हणालो. त्या खोट्याचं मला पुढे पंधरा वर्षं ओझं वाटत राहिलं. मग एका पहाटे, कुणाच्या तरी घरी, गायक यायच्या आधी नुसता तंबोरा चालू असताना, तो गांधार कुणी हळूच दार ढकलून आत यावा तसा आला, आणि माझं खोटं पंधरा वर्षांनी का होईना खरं झालं.

आता बघा, आमच्याकडे तारेच्या पोटात जे जे दडलं असेल ते सगळं बाहेर यावं म्हणून सुताचा दोरा लावतात. आणि तिकडे ही चपटी पट्टी गुंडाळतात ती त्याच्या नेमकी उलट कारणानं. पट्ट्यांच्या कडा एकमेकींना लागून असतात, एकमेकींवर घासतात, आणि वरचे बारीक स्वर त्या घासण्यातच विरून जातात. उरतो तो फक्त मूळ स्वर, गोलसर, जमिनीलगतचा. तंबोऱ्याची तार पाहुण्याला सगळं घर फिरवून दाखवते, देवघर, कोठीची खोली, मागचं परसदेखील. फ्लॅटची तार त्याला ओसरीवर बसवते, पाण्याचा तांब्या पुढे करते आणि आपण गप्प बसते. माझ्या रक्तात जवारी. तरीही मी साठीला येऊन ओसरीवर बसणारी तार शोधत होतो, आणि तीसुद्धा साध्या तारांच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून. आट्यांत मळ साचून जो मुकेपणा मला विशीत फुकट मिळत होता, जो घालवण्यासाठी मी आईचं पातेलं नासवलं, तोच आता मी खोक्यात बंद, नवा कोरा विकत घेणार होतो.

आणि घेणार म्हणजे कोणता? इथून माझ्या झोपेचं खोबरं झालं. बेसच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. व्हिएन्नात थोमास्टिक-इन्फेल्ड म्हणून १९१९ पासूनची कंपनी आहे. तिचा जॅझ फ्लॅट्सचा सेट ४३ पासून १०० पर्यंत, बोटांना हलका, लवचिक, मऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गला ला बेला आहे; तिचा एक सेट ५२ ते ११०, म्हणजे गिटारच्या तारा नव्हेत, विहिरीचे दोर. मधे ४५ ते १०५ किंवा ४५ ते १०० वाले मध्यममार्गी. इंग्लंडातल्या केंट परगण्यात रोटोसाउंड. तिचे फ्लॅट वापरणारा स्टीव्ह हॅरिस हा आयर्न मेडनचा बेसवादक, म्हणजे भर वादळात गोधडी पांघरून उभा असलेला माणूस. ही सगळी माहिती मी एका शंभर पानी वहीत उतरवून घेतली. दोन तारांच्या जाडीत दोन हजारांश इंचाचा फरक, त्यासाठी मी तीन रात्री जागलो. मुलीचं लग्न दोन बैठकांत ठरलं होतं.

या भटकंतीत एक गाव मात्र सापडलं, आणि मी तिथेच बराच काळ रेंगाळलो. इटलीत अब्रुत्सो प्रांतात डोंगरावर एक छोटं गाव आहे. तिथली घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या मेंढीच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा वळायची. ला बेलाचं मारी घराणं तिथलं आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या कंपनीचं, डाडारिओचं, घराणंही तिथलंच. अर्ध्या जगाच्या गिटारींच्या तारा एका आळीतून निघाल्यासारख्या. गावाचं नाव साल्ले. मराठी माणसानं ते चारचौघांत जपूनच उच्चारावं. मी जेवताना उच्चारलं आणि नातवाला ताटावरून उठवण्यात आलं. मला त्या गावाची मिरजेशी सोयरीक जुळवून टाकावीशी वाटली. इकडे तलवारीचे हात भोपळ्याकडे वळले, तिकडे मेंढपाळांच्या हातून आतडी सुरांकडे गेली. दोन्हीकडे दुपारी गल्लीत कसला तरी घासण्याचा, वळण्याचा आवाज येत असणार, आणि शाळेत जाणारी एखादी मुलगी तो ऐकत असणार.

विहिरीच्या दोरांचा मोह मला पडला होता तो जेम्स जेमर्सनपायी. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीचा एका साध्या घरात स्टुडिओ होता. वादक त्याला सापाचं बीळ म्हणत, छतावरून लोंबणाऱ्या वायरींमुळे. तिथे साठच्या दशकात जी गाणी झाली त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी जेमर्सनचा बेस आहे. १९६२ चा फेंडर प्रिसिजन, त्याला ला बेलाचे जाडजूड फ्लॅट, आणि ते सगळं वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. त्या बोटाला लोकांनी ‘आकडा’ असं नाव पाडलं होतं. तार तुटली तरच बदलायची, एरवी नाही, हा त्याचा बाणा. तारेवरचं किटण हाच तिचा जीव, असं तो मानायचा. मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याच्या वेळी त्याला कुठल्याशा बारमधून धरून आणलं, नीट बसताही येत नव्हतं, म्हणून त्यानं जमिनीवर उताणं पडून वाजवलं, असं सांगतात. वाजवलेलं ऐका आणि ओळखून दाखवा. १९७१ साली त्या रेकॉर्डच्या वेष्टणावर त्याचं नाव छापलं गेलं. तोवर इतकी वर्षं, इतकी गाणी घराघरांत वाजली, आणि ती ज्याच्या बोटावर उभी होती त्याचं नाव विकत घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. १९८३ मध्ये तो वारला. त्याच्या थोडेच दिवस आधी तो बेस चोरीला गेला, आणि तो पुन्हा सापडला नाही. तारांसकट गेला. वीस वर्षांचं मुरलेलं लोणचं कुणी बरणीसकट उचलून न्यावं, तसा.

आपल्याकडे काही वेगळं नव्हतं. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्या बसल्या. पंचमच्या कितीतरी गाण्यांना टोनी वाझ यांच्या बेसचा टेकू आहे. रेकॉर्डच्या मागे मात्र गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव. मी ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा निवेदक शेवटी वादकांची ओळख करून द्यायचा. ढोलकीवाल्याला टाळ्या, सॅक्सोफोनवाल्याला शिट्ट्या. माझ्यापाशी आल्यावर तो दर वेळी म्हणे, ‘आणि गिटारवर आणखी एक...’ मला त्याचं वाईट वाटत असे, खोटं कशाला बोलू? म्हणूनच तर मी तारा उकळत होतो. निदान खणखणाट तरी व्हावा.

आमच्या घरी एक फोटो आहे. मिरजेच्या एका घरगुती बैठकीचा. मध्ये आईच्या गुरुजींचा तोंड वर केलेला, डोळे मिटलेला चेहरा, बाजूला तबलजी, पेटीवाले, आणि मागे दोन तंबोरे. उजवीकडच्या तंबोऱ्यावर आई होती, पंधरा वर्षांची. पण फोटोग्राफर असा काही उभा राहिला, की तंबोऱ्याची दांडी नेमकी तिच्या चेहऱ्यावर आली. फोटोत आईची फक्त चार बोटं आहेत, तारांवर. ‘मी आहे ना त्यात,’ ती प्रत्येकाला बोट ठेवून दाखवते. तीन तास त्या मुलीनं चार तारा छेडल्या. एक जागा घेतली नाही, एक तान मारली नाही. वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. ‘तंबोरा थांबला असता तर गुरुजी कशावर उभे राहिले असते?’ असं काहीसं म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

अखेर मी दुकानात गेलो. वही बरोबर होती. काउंटरमागचा मुलगा चोविशीचा, एका कानात बाळी, बोलायला अतिशय गोड. ‘काका, फ्लॅटवर स्लॅप नीट वाजत नाही हं, आधीच सांगतो.’ मी त्याला सांगितलं, की या वयात कुणाला थप्पड मारण्याचा माझा विचार नाही. तो हसला. ‘ब्राइटनेसही नसतो.’ तोच नको आहे म्हटल्यावर त्याला माझी थोडी दया आली असावी. व्हिएन्नाचा सेट नव्हता; मागवला तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. विहिरीच्या दोरांचाही नव्हता, आणि तो नव्हता हे बरंच झालं. एरवी बेसच्या चार तारांची ओढ मिळून पाऊणशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे माझ्या मेव्हण्याएवढा एक माणूस अहोरात्र त्या लाकडी मानेला लोंबकळत असतो; त्याहून जास्त भार चाळीस वर्षांच्या मानेवर टाकायचा मला धीर नव्हता. तीन महिन्यांच्या अभ्यासाअंती दुकानात जो एकमेव सेट शिल्लक होता, तो मी घेतला. ४५ ते १०५. पैसे देताना सहज विचारलं, ‘या बदलाव्या केव्हा लागतात?’ मुलगा म्हणाला, ‘फ्लॅट? बदलतच नाही काका कुणी. वर्षानुवर्षं चालतात. जुन्या झाल्या की आणखी छान.’ मी पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडता ओलांडता मनात बेरीज केली. साठीनंतर माणूस ज्या वस्तू घेतो, फ्रिज घेतो, स्वेटर घेतो, त्यांतल्या कितीतरी शेवटच्या असतात. दुकानदाराला आपण ते सांगत नाही इतकंच. मग समोरून रिक्षा आली आणि बेरीज राहिली.

तारा चढवायला अख्खी सकाळ गेली. या तारांच्या टोकाला रंगीत रेशमाचा दोरा गुंडाळलेला असतो, राखीसारखा. जास्तीचं टोक कापायचं, पण तसंच नाही. आधी तार काटकोनात मुडपायची आणि मुडपीच्या पुढे कापायची. तशी न कापली तर वरची पट्टी गाभ्यावरून सुटत जाते आणि नवी कोरी तार आतल्या आत निकामी होते. हे मला वहीत तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. तरी कापताना हात थरथरला. कापली की संपलं. ती आता दुसऱ्या कुणाच्या वाद्याला व्हायची नाही. मानेतली सळई पाव आटा फिरवली, खुंट्या पिळल्या, आणि पहिला स्वर काढला.

खणखणला. अगदी राउंडवाउंडसारखा नाही, पण ओसरीवर बसायचा तर नव्हेच. मांडवात मिरवणाऱ्या करवलीसारखा. मी घाबरून वही उघडली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सुरुवातीला तेजच वाजतात, मुरायला आठवडे लागतात, महिनेही. म्हणजे मुकेपण विकत घेऊनही ते घरी येताच मिळत नाही. त्याच्यावर रोज हात फिरवावा लागतो. कैरीच्या फोडींवर मीठ घालून बरणी उन्हात ठेवावी आणि रोज एकदा फडकं उघडून बघावं, तसं मी दुपारी बसू लागलो. फार काही वाजवत नसे. बहुतेक दोनच स्वर, षड्ज आणि पंचम, सावकाश, पुन्हा षड्ज. मार्च गेला, एप्रिल गेला. करवलीचा नखरा उतरत गेला. एका दुपारी लक्षात आलं, की आता स्वर कानाला ऐकू येण्याआधी मांडीला कळतो आहे. पोतं टेकलं होतं.

त्याच सुमाराला आई म्हणाली, ‘हल्ली गिटार वाजवत नाहीस वाटतं?’ मी तिच्या उशाशी, चार हातांवर, रोज तासभर वाजवत होतो. ‘वाजवतो की,’ मी म्हणालो. ‘मला नाही बाई ऐकू येत. पण सुतार चांगला होता हो. दाराची कुरकुर अगदी थांबली.’ बायको स्वयंपाकघरात खोकली. तीन महिन्यांची वही, दुपटीहून जास्त पैसे, साल्ले आणि व्हिएन्ना, आणि श्रेय गेलं सुताराला. मी काही बोललो नाही.

वैशाखातली एक दुपार. बाहेर ऊन नुसतं पांढरं. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, वर पंखा फिरतो आहे, मी अ‍ॅम्प अगदी बारीक ठेवून तेच दोन स्वर घोळवतो आहे. किती वेळ झाला कोण जाणे. बोट अवघडलं म्हणून मी थांबलो, तळवा तारांवर ठेवला. आईची हालचाल झाली. डोळे न उघडताच तिनं विचारलं, ‘लाइट गेली का रे?’

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

‘आली, आली,’ मी म्हणालो, आणि खर्जाच्या तारेवर पुन्हा बोट ठेवलं.